‘होल्ड’ म्हणजे नेमकं काय, ते आधी विचारा

तुमचा आयात केलेला माल अडकलाय, नऊ दिवस ट्रॅकिंगवर ‘कस्टम्स होल्ड’ दिसतंय आणि कस्टम्सचं काम बघणारा एजंट नुसतं ‘थांबा’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. होल्ड ही नुसती पाटी झाली, कारण नव्हे. क्वेरी, म्हणजे कस्टम्सने काढलेली शंका, लेखी आलीय का ते विचारा आणि तिची प्रत मागवून घ्या. तोंडी ऐकलेल्या क्वेरीमागे धावून मी हात पोळून घेतलेत.

बहुतेक वेळा घोळ कागदात असतो. माझ्या एका कन्साइनमेंटच्या पॅकिंग लिस्टवर ४२ खोकी होती आणि बिल ऑफ लॅडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, ४१. पुरवठादाराने ऐनवेळी दोन छोटी खोकी एकत्र बांधली होती, बस्स! माल जसाच्या तसा होता, पण दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत आठवडा गेला. तेव्हापासून माल जहाजावर चढायच्या आधी मी मसुदे मागवतो आणि नग, वजन, वर्णन ओळीला ओळ लावून बघतो.

दुसरं दुखणं एचएस कोडचं, म्हणजे माल कोणत्या प्रकारात मोडतो हे सांगणाऱ्या आकड्याचं. पुरवठादाराने दिलेला कोड जसाच्या तसा टाकू नका. पहिले ६ अंक जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. इन्व्हॉइसवर ‘मशीन पार्ट्स’ एवढंच असेल तर अधिकाऱ्याने तरी काय समजायचं? कशाचा भाग, कोणत्या धातूचा, काम काय, हे लिहून कॅटलॉगचं पान जोडा.

किमतीवर शंका असेल तर पर्चेस ऑर्डर, करार आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा एकदमच द्या. रोज एकेक कागद दिलात की रोज नवी क्वेरी येते. फुकट सॅम्पलचीही किंमत दाखवावी लागते, शून्य चालत नाही.

लाकडी पॅलेट असतील तर गव्हाच्या लोंबीची खूण आणि ‘एचटी’ शिक्का आहे का, फोटो मागवून बघा. एचटी म्हणजे कीड मरावी म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं. शिक्का नसेल तर माल निर्दोष असूनही अडकतो.

वाद कोड किंवा किमतीचाच असेल तर बाँड (हमीपत्र) किंवा बँक गॅरंटी देऊन माल सोडवता येईल का, ते एजंटला आजच विचारा. जागतिक व्यापार संघटनेच्या २०१७ पासून लागू असलेल्या करारात तशी तरतूद आहे. तोवर शिपिंग लाइनचे फ्री डेज, म्हणजे कंटेनर बिनभाड्याने ठेवायचे दिवस, किती उरलेत तेही बघा. ते संपले की डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, सुरू, आणि चूक कोणाची हे तिथे कोणी विचारत नाही.

क्वेरीची प्रत मिळाली की नाव-पत्ता झाकून इथे टाका, उत्तराचा मसुदा बघून देतो.