लिस्बन: एक मासेखाऊ, एक शाकाहारी आणि दोघांचं एकच टेबल

ऑक्टोबरात तुम्ही दोघं पाच दिवस लिस्बनला जाताय, तुम्हाला मासे हवेत, पत्नी शाकाहारी पण अंडं चालतं, आणि तिला रोज पिझ्झा किंवा बरोबर नेलेल्या ठेपल्यांवर दिवस काढावे लागतील अशी धास्ती वाटतेय. त्यातच पोर्तो किंवा सेव्हिलही बसवायचं चाललंय. आमच्या घरातही हीच जोडी आहे. मी मालवणकडची, नवरा पुण्याचा, अंड्यापलीकडे न जाणारा. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पोर्तो आणि सेव्हिल काढून टाका. पोर्तोला वेगवान गाडीनेही जवळजवळ तीन तास जातात, सेव्हिलला तर थेट गाडीच नाही. खाण्यासाठी म्हणून जाणार असाल तर दुपारचं जेवण निवांत झालं पाहिजे. मी दिवसाची आखणी त्या जेवणाभोवती करते: सकाळी एक भाग पायी फिरायचा, एकच्या सुमारास त्याच भागात जेवायचं, संध्याकाळी दुसरीकडे जायचं. तिथे जेवण साधारण साडेबारा ते तीन मिळतं. मग बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं ते साडेसात-आठपर्यंत. चार वाजता भूक लागली तर बेकरी असतेच, पण बसून गरम जेवण मिळेल या भरवशावर राहू नका.

जेवायला 'ताश्का' शोधा, म्हणजे घरगुती खानावळ. दारावर कागद चिकटवलेला असतो, त्यावर त्या दिवसाचे पदार्थ हाताने लिहिलेले असतात. रुआ ऑगुश्ता या रस्त्याच्या आसपास फोटोंची मेनूकार्डं हातात घेऊन बोलावणारी माणसं उभी असतात, तिथे बसू नका. लिहिलेले पदार्थ सकाळी शिजवलेले असतात, स्वस्त असतात, आणि शेजारच्या ऑफिसातली माणसं तेच खात असतात. बऱ्याच ठिकाणी 'दोझ' आणि 'मेया दोझ' असे दोन भाव दिसतील. पूर्ण दोझ दोघांना पुरेल एवढं असतं, म्हणून तुम्ही दोघांनी आपापलं अर्धं मागवावं. बसल्या बसल्या न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हसून परत द्या, कुणी वाईट मानत नाही.

आता पत्नीचं जेवण. "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून भागत नाही, कारण मांस नको म्हटलं की ट्यूना चालेल असं तिथे सहज धरलं जातं. "सें कार्न, सें पेइश", म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही म्हणायचं. सूप जवळजवळ प्रत्येक ताश्क्यात असतं आणि ते पोटभरीचं असतं. काल्दु वेर्द हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं सूप त्यांचं सगळ्यात लाडकं, पण वर डुकराच्या शोरिसू सॉसेजची चकती असते आणि कधी कधी रसही मांसाचाच असतो. चकती काढून टाकली की झालं असं समजू नका, रस कशाचा आहे ते विचारा. छोले-पालकाचं किंवा नुसत्या भाज्यांचं सूप जास्त सुरक्षित, तरी तिथेही विचारायला हरकत नाही.

'पेइशिन्युश दा ऑर्ता' हे नाव लक्षात ठेवा. नावात मासा आहे म्हणून शाकाहारी माणूस ते वाचून पुढे जातो. प्रत्यक्षात फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या असतात, आपली भजीच. जपानी तेम्पुरामागे हाच पोर्तुगीज पदार्थ असल्याचं मानतात. दुसरी आसोर्दा, आलेंतेजू प्रांताची. शिळ्या पावावर लसूण आणि कोथिंबीर वाटून घातलेलं गरम पाणी, ऑलिव्ह तेल, आणि वर पाण्यात उकडलेलं बिनकवचाचं अंडं. कोथिंबीर युरोपात फारशी कुठे अशी मुठीने वापरत नाहीत, पोर्तुगालच्या दक्षिणेत वापरतात. माझ्या नवऱ्याला हे जेवण पहिल्या घासाला आपलं वाटलं ते त्या वासामुळे. मात्र लिस्बनमध्ये कोलंबी घातलेली आसोर्दाही मिळते, तेव्हा विचारून घ्या. बरोबर टोमॅटोचा ओलसर भात मागवा, तो बहुधा मुख्य पदार्थाच्या बाजूला म्हणून येतो, पण वेगळा द्याल का विचारलं तर देतात.

चीजबद्दल एक गोष्ट सांगते, ती जाणाऱ्यांना क्वचितच माहीत असते. युरोपातल्या पुष्कळ पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, आणि काही शाकाहारी लोक त्यासाठी चीजच टाळतात. पोर्तुगालची अझेइतांव आणि सेर्रा दा इश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची चीज मात्र एका काटेरी रानफुलाच्या केसरांनी विरजतात. अझेइतांव लिस्बनच्या नदीपलीकडचंच. वरचं साल कापून आतलं मऊ चीज चमच्याने पावावर घ्यायचं. पत्नीसाठी हे नक्की घ्या, आणि थोडं महाग पडलं तरी चांगल्या दुकानातून घ्या.

भारतीय जेवणाची फारच आठवण आली तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्यावर. तिथल्या भोजनालयात शाकाहारी जेवण मिळतं. मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांचा समाज तिथे मोठा आहे. वेळ आधी बघून जा. बेकऱ्यांत काचेमागे त्रिकोणी 'शमुसा' दिसेल, तो गोव्याकडून तिकडे गेलेला समोसाच. ओळखीचा वाटला म्हणून पत्नीने उचलू नये, आत बहुतेक वेळा गोमांस किंवा कोंबडी असते.

तुमच्यासाठी मासे. सार्डिनचा खरा बहर जून ते सप्टेंबर, ऑक्टोबरात त्याचा हट्ट धरू नका. भाजलेला कारापाव मासा मागा, ऑलिव्ह तेलातला ऑक्टोपस मागा, आणि तिसऱ्या तर खाच. तिथे त्या लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि पांढऱ्या वाइनमध्ये उघडतात, 'आ बुल्यांव पातू' असं पुढे लिहिलेलं असतं. खोबरं नाही, तिरफळ नाही, तरी ताटात उरलेला रस मी पावाने पुसून खाते. खारवलेला कॉड, बाकाल्याव, पहिल्यांदा खाताना 'आ ब्राश' प्रकार घ्या: मासा कुस्करून, बटाट्याच्या काड्या आणि अंड्यात परतलेला. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचा नव्हे, नॉर्वे-आइसलंडकडून येतो आणि दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. आख्खा मासा किंवा खेकडा मागवताना किलोचा भाव आणि अंदाजे वजन आधी विचारा. बिल फुगतं ते इथेच.

गोडाचं सांगायलाच हवं. बेलेम भागातल्या 'पाश्तेइश द बेलेम' या प्रसिद्ध दुकानात 1837 पासून कस्टर्डचे पेस्ट्री-वाटीतले केक बनतात. शेजारच्या जेरोनिमुश मठाची ती कृती, 1834 साली मठ बंद झाले आणि ती बाहेर आली. बाहेरची रांग बघून घाबरू नका, ती घेऊन जाणाऱ्यांची असते. आत मोठ्या खोल्या आहेत, तिथे टेबल लवकर मिळतं. गरम असतानाच वरून दालचिनी भुरभुरवून खायचं. शियादू भागात मांतेइगारिया नावाची बेकरी आहे, तिथे ताजा घाणा निघाला की घंटा वाजवतात. मला दोन्ही आवडतात, पण पापुद्र्यासाठी मी बेलेमला झुकते माप देईन. पत्नीने 'तोसिन्यू दु सेउ' हे गोड टाळावं, त्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. 'पांव द देउश' मात्र जरूर खावा, त्या गोड पावावर ओल्यासारखं लागणारं खोबरं असतं.

बेलेमला सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो. राजा मानुएलने 1501 च्या सुमारास तो बांधायला घेतला, आणि पैसा आला पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची कबर आहे, 1524 मध्ये कोचीत वारलेला तो हाच. गोवा, वसई, चौल पाहिलेल्या माणसाने त्या दोरखंडांच्या आणि समुद्री वेलींच्या कोरीवकामापुढे जरा थांबावं. आपल्या किनाऱ्यावरचा इतका इतिहास एका छताखाली दगडात उभा आहे, आणि तो बघताना मला आनंद आणि राग दोन्ही होतात.

कार्मूचा मठ चुकवू नका. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात त्याचं छत कोसळलं, आणि तो तसाच उघडा ठेवलाय. त्याच सकाळी सगळ्या संतांच्या सणाला चर्च भरलेली होती, मागोमाग समुद्र आत आला आणि आग लागली. खालची सरळ आखीव बाइशा पेठ त्यानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने वसवली. सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टची रांग सोडा, कार्मूच्या बाजूने पायी चालत त्याच उंचीवर पोचता येतं.

28 नंबरची ट्राम दुपारी म्हणजे चेंगराचेंगरी आणि पाकीटमार. सकाळी आठच्या आत मार्तीं मोनीश इथून बसा, नाहीतर 12 नंबर घ्या. ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला (चढावर दोरीने ओढली जाणारी ट्राम) सप्टेंबर 2025 मध्ये मोठा अपघात झाला, त्यामुळे फ्युनिक्युलर चालू आहेत का ते बघूनच बेत करा. पायात पकड असलेले बूट हवेतच, तिथले पांढरे दगडी फूटपाथ पावसात भयंकर निसरडे होतात, आणि ऑक्टोबरात पाऊस येतो.

सिंत्राला एक दिवस द्या, रोसियूहून लोकलने चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याचं वेळेचं तिकीट आधी काढा.

फाडू, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, ऐकायला आल्फामा किंवा मौरारिया या जुन्या वस्त्यांत जा, आणि जेवणासकट महागड्या कार्यक्रमाऐवजी लहान जागा शोधा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात, वाढपीसुद्धा थांबतो, तेव्हा काटा-चमचाही खाली ठेवायचा. दोन गाण्यांच्या मध्ये जेवायचं. जागा कमी असतात, दोन-तीन दिवस आधी आरक्षण करा, आणि तेव्हाच शाकाहारी जेवणाचं सांगून ठेवा, कारण तिथे ठरलेला मेनू असतो.

हॉटेलच्या बिलात शहराचा कर माणशी रात्रीला चार युरो वेगळा लागतो, तो हिशेबात धरा. हॉटेल कुठल्या भागात घेताय ते इथे लिहा. आल्फामात घेणार असाल तर जिने किती चढायचेत ते मालकाला आधी विचारा, बॅगा तुम्हालाच उचलाव्या लागतील.