बहात्तरचा दुष्काळ आणि लेकीचं हवामानशास्त्र

प्रश्न : औसा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. मुलगी यंदा लातूरला बारावी झाली, ग्रुप पीसीएमबी. नीटला मार्क कमी पडले आणि रिपीट करायला ती तयार नाही. हवामानबदलाचं शास्त्र शिकायचं म्हणते. बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जात होते, तेव्हा कुठं होतं ग्लोबल वॉर्मिंग? हे खरं शास्त्र आहे की फॅड? आणि त्यावर पोट भरेल का? – एक पालक

उत्तर : बहात्तरचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण तो रास्त आहे. १९७२ आणि २०१५ ही दोन्ही एल निनोची वर्षं. प्रशांत महासागराचं पाणी तापलं की आपला पाऊस बऱ्याचदा रुसतो, आणि हे पूर्वीपासून चालत आलंय. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यात उसाचा आणि बोअरवेलचा वाटाही मोठा होता. प्रत्येक दुष्काळ तापमानवाढीच्या नावावर टाकणाऱ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. पण एका युनिट टेस्टच्या मार्कांवरून वर्षाचा निकाल ठरत नाही, तसं एका दुष्काळावरून हवामानही ठरत नाही. त्यासाठी अनेक दशकांच्या नोंदी लागतात, आणि त्या आहेत.

हवाईतल्या मौना लोआ या पर्वतावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातोय. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या ८ लाख वर्षांत तो इतका कधीच नव्हता. हा वायू कुठून आला, तेही तपासता येतं. कोळसा आणि तेल म्हणजे पुरातन काळची झाडं-शेवाळं, आणि वनस्पतींत कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार) हवेपेक्षा कमी असतो. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घटत चाललंय, म्हणजे भर पडतेय ती मुख्यतः जळणाऱ्या इंधनातून.

‘सूर्यच जास्त तापला असेल’ असं कुणी पारावर म्हणालं, तर त्यालाही उत्तर आहे. सूर्यामुळं असतं तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीजवळची हवा तापतेय आणि स्ट्रॅटोस्फिअर हा वरचा थर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर हेच घडायला हवं. माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा हाच, आणि तो समजायला बारावीचं फिजिक्स जवळजवळ पुरतं. तुमच्या मुलीला विचारा, ती समजावून सांगेल.

पुढं काय होणार? पृथ्वी १८५०–१९०० च्या तुलनेत १.१ अंशानं तापली आहे, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीनं २०२१ मध्ये नोंदवलं. भारत सरकारच्या २०२० च्या अहवालानुसार आपलं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात ०.७ अंशानं वाढलं. उत्सर्जन असंच बेफाम राहिलं तर शतकाअखेर ते १९७६–२००५ च्या सरासरीपेक्षा सुमारे ४.४ अंशांनी जास्त असू शकतं. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो, आणि उघडीप लागली की जमीन लवकर वाळते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले डॉ. रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० नंतर मध्य भारतात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीनं वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडं सोयाबीनसकट माती वाहून गेली. असा पाऊस आता किती वर्षांनी परत येईल, हे कुणीतरी गणितानं सांगायला हवंय.

आता पोटाचं. हा रस्ता लांब आहे, आणि ते लपवून मी तुम्हाला खूश करणार नाही. तीन वर्षांत पगार हवा असेल तर हे नको. तिला गणित आवडत असेल तर पुण्याचं आयसर, म्हणजे केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, बघा. त्याची आयएटी ही वेगळी प्रवेश परीक्षा असते. किंवा लातूर-नांदेडलाच फिजिक्समध्ये बीएस्सी, मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी. पुढं नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटच्या जागा पदवीवरही भरल्या जातात, पण ती भरती दरवर्षी निघत नाही.

शेतीशी जोडून राहायचं असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री आणि नंतर कृषी हवामानशास्त्र. आठवड्यातून दोनदा निघणारा कृषी हवामान सल्ला तिथूनच येतो. महसूल मंडळांत बसलेली स्वयंचलित हवामान केंद्रं तुम्ही पाहिली असतील. ती आकडेवारी वाचणारी माणसं विमा कंपन्यांनाही लागतात.

आणि कोणत्याही वाटेनं गेली तरी या सुट्टीत पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला लावा. नुसतं पर्यावरणाचं प्रेम असलेले अर्ज ढिगानं येतात, पण तीस वर्षांच्या पावसाचे आकडे स्वतः हाताळून आलेली मुलगी मुलाखतीत उठून दिसते. नीट रिपीटचं मात्र तिच्या मनाविरुद्ध करू नका. क्लासची आणि हॉस्टेलची जी फी भरणार होतात, त्यात बीएस्सीचा बराचसा खर्च निघेल.