वाचकांचे प्रश्न : ज्यू स्त्री, केतुबा आणि गेत

प्रश्न : पारंपरिक ज्यू धर्मात स्त्रियांना बरीच धार्मिक कर्तव्ये माफ असतात, असे ऐकले. ही सवलत म्हणायची की कमीपणा?

उत्तर : मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संहितेतला नियम असा : जे कर्तव्य 'करा' असे सांगते आणि ठरलेल्या वेळीच करायचे असते, त्यातून स्त्री मोकळी. म्हणून तेफिलिन (धर्मवचने ठेवलेल्या चामडी पेट्या) बांधणे, शोफार (शिंगाचे वाद्य) ऐकणे, सुक्कामध्ये (सणासाठी उभारलेल्या तात्पुरत्या मांडवात) राहणे तिला बंधनकारक नाही. 'करू नका' असे सांगणारे नियम मात्र दोघांना सारखेच लागू. अपवादही आहेत. पेसाह या सणाच्या पहिल्या रात्री मात्सा (न आंबवलेला रोट) तिनेही खाल्लाच पाहिजे, कारण ज्याला आंबवलेले निषिद्ध त्याला मात्सा बंधनकारक, असा तालमूदचा, म्हणजे मिश्नावरील चर्चाग्रंथाचा, युक्तिवाद आहे. पुरीम या सणाला एस्तेरचा ग्रंथ ऐकणे आणि हनुक्का या सणाचे दिवे लावणे तिच्यावर बंधनकारक आहे, कारण 'त्या चमत्कारात त्याही (स्त्रियाही) होत्या'.

ही सवलत आहेच, पण ती फुकट मिळालेली नाही. ज्याच्यावर कर्तव्याचे बंधन नाही त्याला ते इतरांच्या वतीने पार पाडता येत नाही, असे तत्त्व आहे. सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) प्रार्थना चालवण्याचा आणि सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांच्या गटात, म्हणजे मिन्यानमध्ये, मोजले जाण्याचा हक्क परंपरेने पुरुषांकडे राहिला, त्यामागे हे तत्त्वही आहे.

प्रश्न : शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावल्यावर स्त्रिया हातांनी डोळे का झाकतात?

उत्तर : एरवी आशीर्वचन आधी आणि कृती नंतर. इथे तसे केले तर अडचण होते : आशीर्वचन म्हणताच शब्बात, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू झाला असे धरले जाते आणि शब्बातला अग्नी पेटवायला मनाई आहे. म्हणून आधी दिवे लावायचे, डोळे झाकून आशीर्वचन म्हणायचे आणि मग हात बाजूला करून उजेड पाहायचा; म्हणजे दिव्याचा लाभ आशीर्वचनानंतर झाला. सर्वसाधारण प्रघात सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधीचा, जेरुसलेममध्ये 40 मिनिटे. उशीर झाला आणि सूर्य मावळला, तर दिवे लावायचेच नाहीत.

याच हातांचे दुसरे काम 'हल्ला', म्हणजे कणकेतला धार्मिक वाटा, काढण्याचे. गहू, बार्ली, स्पेल्ट, ओट किंवा राय यांच्या पिठाची कणीक मळल्यावर तिचा छोटा गोळा, साधारण ऑलिव्हएवढा, वेगळा काढून जाळतात. बऱ्याच ठिकाणी हिशेब असा : पीठ सुमारे 1.2 किलोपेक्षा कमी असेल तर काढायची गरज नाही; तिथपासून सुमारे 1.66 किलोपर्यंत आशीर्वचनाशिवाय काढायचा, त्यापुढे आशीर्वचनासह.

प्रश्न : केतुबा म्हणजे लग्नाचा दाखला का?

उत्तर : दाखल्यापेक्षा हे नवऱ्याने दिलेले हमीपत्र आहे. भाषा अरामी, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि लग्नात जाहीर वाचून झाल्यावर ते वधूच्या ताब्यात जाते. अन्न, वस्त्र आणि वैवाहिक सहवास हे तिचे हक्क तोरा या मूळ धर्मग्रंथातूनच आलेले आहेत. नवरा वारला किंवा घटस्फोट झाला तर प्रथमवधूला 200 झुझ (जुनी चांदीची नाणी) आणि विधवेला किंवा घटस्फोटितेला 100 झुझ, ही किमान रक्कम. 200 झुझ ही रक्कम किती मोठी? मिश्नात दुसरीकडे म्हटले आहे की ज्याच्याजवळ 200 झुझ आहेत त्याने शेतातला गरिबांचा वाटा घेऊ नये. म्हणजे बाई उघड्यावर पडू नये, हा विचार त्या आकड्यात आहे. केतुबा हरवली तर नवी लिहून होईपर्यंत नवरा-बायकोने एकत्र राहू नये, इतके त्या कागदाला महत्त्व.

प्रश्न : मग घटस्फोटात स्त्री अडकते कशी? 'अगुना' हा शब्द वाचला.

उत्तर : कारण लग्न सुटते ते न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर नवऱ्याने बायकोच्या हाती दिलेल्या कागदाने. तो कागद म्हणजे गेत. बेत दिन, म्हणजे धर्मन्यायालय, फक्त देखरेख करते.

प्रक्रिया बारकाईने पाहण्यासारखी आहे. लेखनिक आपला कागद, लेखणी आणि शाई आधी नवऱ्याला भेट देतो, म्हणजे साहित्य त्याचे झाले. मग नवरा त्याला याच स्त्रीसाठी गेत लिहायला सांगतो. नावांची जागा कोरी ठेवलेला छापील नमुना चालत नाही. मजकूर 12 ओळींचा. हिब्रूत 'गेत' या शब्दाच्या दोन अक्षरांची किंमत 3 आणि 9, बेरीज 12. दोघांची नावे टोपणनावांसह, गावाचे नाव तिथल्या नदीच्या किंवा पाण्याच्या उल्लेखासह. एका अक्षराच्या चुकीने गेत बाद होऊ शकतो, म्हणून नावांची चौकशीच सर्वांत लांबते. दोन साक्षीदार सह्या करतात. बायको अंगठ्या काढून ओंजळ धरते, नवरा कागद ओंजळीत सोडतो, ती मुठी मिटते आणि चार पावले चालते, म्हणजे कागद तिचा झाला. त्यानंतर बेत दिन तो कापून दप्तरी ठेवते आणि तिला दाखला देते. पुनर्विवाहाआधी तिला सुमारे तीन महिने थांबावे लागते, म्हणजे पोटातले मूल कोणाचे याचा संशय उरत नाही.

साधारण 1000 सालच्या सुमारास रब्बेनू गेर्शोम या धर्मपंडितांच्या नावाने दोन बंदी हुकूम आले : दुसरी बायको करायची नाही आणि बायकोच्या संमतीशिवाय गेत द्यायचा नाही. तरी पारडे समान झाले नाही. बायको अडून बसली तर 100 रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) परवानगीने क्वचित पुरुषाला पुन्हा लग्न करता येते. नवऱ्याने गेत नाकारला तर ती स्त्री अगुना, म्हणजे बांधलेली. गेतशिवाय तिला दुसऱ्यापासून मूल झाले तर ते 'मामझेर' ठरते आणि त्याला समाजात लग्न करता येत नाही. आईच्या अडवणुकीची शिक्षा मुलाने भोगायची, हा या कायद्यातला सर्वांत कठोर भाग आहे.

नवरा बेपत्ता असेल तर रब्बींनी पुराव्याचे नियम मुद्दाम सैल केले. एरवी दोन पुरुष साक्षीदार लागतात. त्याच्या मृत्यूबाबत मात्र एकाच साक्षीदाराचे, अगदी स्त्रीचेही म्हणणे मान्य होते. हयात असून हट्ट धरणाऱ्या नवऱ्यावर असा उपाय नाही.

प्रश्न : त्याला भाग पाडता येत नाही का?

उत्तर : इथेच खरी गाठ आहे. अन्यायाने, जबरदस्तीने घेतलेला गेत रद्दबातल असतो, म्हणून दबाव धर्मशास्त्राच्या चौकटीतच आणावा लागतो. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह-घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत. तिथे 1995 च्या कायद्याने नकार देणाऱ्याचा वाहन परवाना, पासपोर्ट, बँक खाते यांवर निर्बंध आणता येतात आणि तुरुंगवासही देता येतो.

अमेरिकेत लग्नाआधीच्या कराराचा मार्ग आहे. बेथ दिन ऑफ अमेरिका या तिथल्या धर्मन्यायालयाच्या करारात वेगळे राहू लागल्यापासून नवऱ्याने रोज 150 डॉलर पोटगी देण्याचे कबूल केलेले असते. हा दंड नाही. बायकोला पोसण्याची केतुबातली जबाबदारीच आकड्यात मांडलेली आहे, म्हणून त्यानंतर दिलेला गेत जबरदस्तीचा ठरत नाही. सही लग्नाच्या धावपळीत राहून जाते, ती आधीच घ्यावी. नवरा बेशुद्धावस्थेत असेल, बेपत्ता असेल किंवा त्याच्याकडे पैसाच नसेल, तर मात्र हा करारही कामी येत नाही.