डब्यातला मलिदा

प्रश्न : वर्गातील बेने इस्रायली (कोकणातील ज्यू) मैत्रिणीच्या डब्यातल्या मलिद्याला आमचा आठ वर्षांचा मुलगा हसला. त्याला कसे समजवावे? – एक पालक, अलिबाग

उत्तर : रागावण्याआधी त्याला मलिदा चाखू द्यावा, भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलदोडा – यातले परके काय, हे तोच सांगेल. (हसू बहुधा घरातल्याच एखाद्या शेऱ्यातून आलेले असते, तेही तपासावे.) मग इस्रायल आळीतले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बाहेरून दाखवावे आणि सांगावे की, तेलघाणा चालवणारी ही मराठी बोलणारी माणसे शब्बाथमुळे, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसामुळे, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, आणि पेणकर, किहीमकर ही त्यांची आडनावे इथल्याच गावांवरून पडली. माफीची सक्ती नको. उद्या डब्यात एक करंजी जास्त द्यावी.