कर्ज काढायचं की उभारायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीडीडी चाळींवरच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने कामगारांसाठी बांधलेल्या चाळींवरच्या) लेखात तुम्ही लिहिलंत, "1920 साली मुंबई सरकारने विकासकर्ज उभारले." लेख तपासणाऱ्यांनी 'उभारले' खोडून 'काढले' केलं. मराठीत कर्ज काढतात, 'उभारणे' हे इंग्रजी 'रेझ'चं भाषांतर आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी असतो तर खोडलं नसतं.

'काढणे' म्हणजे असलेल्यातून बाहेर घेणं. विहिरीतून पाणी, कणगीतून धान्य, तसं सावकाराच्या पेटीतून कर्ज. पेटी त्याची, ती भरलेली आहे हे आपल्याला ठाऊक आणि दार ठोठवायचं एकच. 'ऋण काढून सण' तो हाच. आता "मी मुलीच्या शिक्षणासाठी बँकेतून कर्ज उभारलं" असं म्हणून बघा, ऐकणारा हसेल. पण "दोघांकडून उसने घेतले, बांगड्या मोडल्या, कसेबसे पैसे उभे केले" यात कुणालाही काही खटकत नाही. इंग्रजीचा वाराही न लागलेली माझी आजी 'पैसा उभा करणे' सर्रास म्हणायची. जिथे काही नव्हतं तिथे चार ठिकाणांहून आणून रक्कम खडी करायची, जसे मंडपाचे वासे. कर्जाच्या बाबतीत 'उभारणे' रुळायला इंग्रजी अर्थव्यवहाराने हातभार लावला असेलही, पण बी घरचंच आहे.

1920 चं प्रकरण तर 'उभारणे'त चपखल बसतं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना बॅकबेचा, म्हणजे दक्षिण मुंबईच्या पश्चिमेकडच्या खाडीचा, समुद्र भर घालून हटवून 1,145 एकर जमीन हवी होती, शिवाय कामगारांसाठी हजारो खोल्या. पैसा एका पेटीत नव्हता. म्हणून साडेसहा टक्के व्याजाचे, प्राप्तिकर माफ असलेले, 1935 साली फेडायचे रोखे लोकांपुढे ठेवले. (रोखे मात्र 'काढतात'. सरकार रोखे काढतं आणि त्यातून कर्ज उभं राहतं. ही वाटणी मला फार आवडते.)

आणि वेळ कुठली? त्याच वर्षी जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप झालेला. 1 ऑगस्टला टिळक गेले, त्यांचं दहन गिरगाव चौपाटीवर झालं, म्हणजे त्याच बॅकबेच्या काठावर. त्याच दिवशी असहकार सुरू झाला. पुढच्या वर्षी काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटीचं लक्ष्य ठेवलं आणि 30 जून 1921 ची मुदत दिली. तोही पैसा जनतेचाच, पण फंड 'जमवला' किंवा 'गोळा केला', कारण तो परत करायचा नव्हता. सरकार कर्ज उभारत होतं, लोक चळवळ उभारत होते. बंड, चळवळ, फौज, कर्ज या सगळ्यांना मराठीत क्रियापद एकच. तपासणाऱ्यांनी 'बंड उभारले' कधी खोडलं असेल असं वाटत नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच आहे. दगडी बांधातून भरणीचा गाळ पुन्हा समुद्रात निसटू लागला, अंदाजपत्रक फुगलं, 'लॉइड्स फॉली' (लॉइडचा खुळेपणा) हे नाव पडलं आणि काँग्रेसचे नेते वीर नरिमन यांनी कारभाराची लक्तरं चव्हाट्यावर मांडली. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला, त्यातून ते निर्दोष सुटले. इथे तुम्ही "गुंतवणूक निष्फळ ठरली" असं लिहिलंय. अहो, 'पैसे पाण्यात गेले' हा वाक्प्रचार इतका अक्षरशः लागू पडण्याची संधी पुन्हा मिळायची नाही!

एक दुरुस्ती मात्र करा. चाळींचा सगळा भार रोख्यांवर होता असा तुमच्या वाक्याचा सूर आहे. तसं नव्हतं. चाळींच्या योजनेतली तूट भरून यावी म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवली होती. कर्ज उभारतात, जकात 'बसवतात', आणि ती व्यापाऱ्याच्या मानगुटीवर बसते म्हणून ते क्रियापदही अगदी योग्य आहे.

तेव्हा 'कर्ज उभारले' तसंच ठेवा. फक्त लगेच पुढे "त्यातून 207 चाळी उभारल्या" आलंय, तिथे 'बांधल्या' करा.