सर्व्हरचे पैसे प्रोसेसरवर नव्हे, डिस्कवर घाला

बेळगावच्या उद्यमबागेत तुमचं आणि धाकट्या भावाचं भागीदारीतलं मशीनशॉप आहे. ऑफिसात सहा कॉम्प्युटर. ड्रॉइंग, टॅली, कोटेशनं ज्याच्या त्याच्या मशीनवर पडलेली. विक्रेत्यानं जीएसटी सोडून 1,60,000 रुपयांचा टॉवर सर्व्हर सुचवलाय, 12 टक्के फ्लॅट व्याजानं 24 हप्त्यांत. शिवाय 'मार्चअखेर घ्या, टॅक्स वाचेल' हेही आहेच. घ्यावा का, असं विचारलंत.

हा घेऊ नका. सर्व्हर मात्र हवाच.

कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा मिळतो खरा, पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणजे यंदा वजावट 32,000 ची, आणि फर्मच्या 30 टक्के दरानं सेस धरून वाचणार जेमतेम दहा हजार. उरलेला घसारा कुठं पळून जात नाही, मग घाई कशाला? हप्त्यांचं तर बोलूच नका. मुद्दल फिटत आलं तरी व्याज पूर्ण रकमेवर, एकूण 38,400. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

आता कोटेशनचं दुसरं पान बघा. प्रोसेसर झिऑन, रॅम 64 जीबी, आणि खाली बारीक अक्षरात 'हार्ड डिस्क 4 टीबी, 1 नग'. यूपीएस नाही, बॅकअप नाही. सहा जणांना फायली पुरवायला एवढा प्रोसेसर लागतच नाही. गिगाबिट लॅनमधून, म्हणजे कॉम्प्युटर जोडणाऱ्या तारेतून, सेकंदाला साधारण 110 एमबीच जातात, प्रोसेसर कितीही दांडगा असला तरी. टॅली सर्व्हरवरच चालवणार असाल तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा दोन डिस्कांचा नॅस घ्या, म्हणजे लॅनला जोडून सगळ्यांच्या फायली ठेवणारी छोटी पेटी, हाच तुमचा सर्व्हर. त्यात नॅससाठीच्या 4 टीबीच्या दोन डिस्का, रेड 1 मध्ये, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं आणि एक गेली तरी काम थांबत नाही. डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती असतात, सीएमआर आणि एसएमआर; डिस्क सीएमआर आहे ना, हे विचारून घ्या. एसएमआर असली तर नवी डिस्क घातल्यावर भरून यायला फार वेळ लागतो. मात्र चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते, तेव्हा बाहेरच्या डिस्कवर दर शनिवारी कॉपी काढून ती घरी न्या. यूपीएस यूएसबीनं नॅसला जोडता येणारा घ्या. वळवाच्या पावसात लाईट गेली की नॅस स्वतःच नीट बंद होईल. आणि पेटी ऑफिसातच ठेवा, शॉपमध्ये नको; बिडाची काळी पूड पंख्यातून आत जाते. माझ्या अंदाजानं हे सगळं तुमच्या कोटेशनच्या निम्म्यात बसावं. रोखीनं घ्या.

कोल्हापुरात स्वस्त मिळतंय म्हणून काउंटरवरून उचलून आणू नका. बिलात महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचा कर, लागला तर कर्नाटकातल्या नोंदणीवर त्या कराचं क्रेडिट मिळत नाही, 18 टक्के अंगावर पडतात. फर्मचा जीएसटी नंबर देऊन डिलिव्हरी उद्यमबागेत मागवा आणि आयजीएसटीचं, म्हणजे आंतरराज्य विक्रीचं, बिल घ्या.

अशा डिस्कांची वॉरंटी बहुतेक 3 वर्षांची असते. पुढच्या जोडीसाठी महिना 700 रुपयांची आरडी आत्ताच उघडा.