प्रीमियम खरंच हजाराने कमी झाला का?

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक, पारोळा तालुक्यातला. वय ६७, पत्नी ६१ वर्षांची, तिला शुगर आहे. निवृत्तीपासून दोघांची मिळून एकच फ्लोटर पॉलिसी चालवतोय. गेल्या वर्षी जीएसटी धरून ५९ हजार भरले, यंदा ५८ हजार मागितले आहेत. एजंट म्हणतो, "सर, उलट हजार वाचले!" भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या माझ्या साडूला दरवर्षी असं काहीच भरावं लागत नाही. नोकरी दोघांचीही सरकारी, मग एवढा फरक का? पॉलिसी बंद करून टाकू का?

उत्तर : सर, पॉलिसी बंद करू नका, आणि एजंटचा हिशेबही मान्य करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. तुमच्या ५९ हजारांत ९ हजार कराचे होते, मूळ प्रीमियम ५० हजार. तो आता ५८ झालाय, म्हणजे १६ टक्के वाढ! करमाफीचा पैसा तुमच्या हाती यायचा, तो त्या वाढीतच जिरला. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांवर वाढवायचा असेल तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेशी, सल्लामसलत करावी, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. तेव्हा दर वाढला की तुमचा वयोगट बदलला, हे कंपनीला लेखी विचारा. फोनवरच्या उत्तरावर थांबू नका.

दुसरं, फ्लोटरमध्ये बहुधा मोठ्या माणसाचं वय धरतात. वहिनी ६१ च्या असल्या तरी हिशेब तुमच्या ६७ वर चालतो. त्याच कंपनीत, पॉलिसीची जुनी वर्षं तशीच धरून, दोघांच्या वेगळ्या पॉलिसी केल्या तर किती पडतील ते विचारा. ही जुनी वर्षं फार मोलाची आहेत. सलग ५ वर्षं झाली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. 'स्वस्त' म्हणून कोरी नवी पॉलिसी घेतलीत, तर वहिनींच्या शुगरच्या क्लेमसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

आता साडूंचं. रेल्वेची निवृत्तांसाठीची आरोग्य योजना निवृत्तीच्या वेळी एकदाच पैसे भरून घेते. सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी-निवृत्तांच्या आरोग्य योजनेत, वर्गणी पगाराच्या स्तरावर ठरते, आणि १० वर्षांची एकदम भरली की आयुष्यभराचं कार्ड मिळतं. तुमचा बाजारातला विमा मात्र वय बघतो, आजार बघतो, पेन्शन बघत नाही. तुमचा संताप अगदी रास्त आहे. मला तर साक्री-शहाद्याकडच्या शिक्षकांच्या विधवांची जास्त काळजी वाटते. कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्के, आणि प्रीमियम मात्र पूर्ण पेन्शनवाल्याइतकाच. माझ्याकडे येणारी पत्रं वाचून जीव तुटतो. निवृत्त शिक्षकांच्या संघटनांनी वर्गणी पेन्शनच्या प्रमाणात असलेली योजना राज्याकडे मागावी, आणि कुटुंब निवृत्तिवेतनवाल्यांचा मुद्दा त्यात पहिला घालावा.

तोवर हाताशी आहे ते वापरा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. मात्र योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच. शुगरच्या महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. ७० पूर्ण झाली की तुम्हाला मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल, त्याला उत्पन्नाची अट नाही. वहिनींना त्यासाठी त्यांच्या सत्तरीपर्यंत थांबावं लागेल. म्हणून पुढे खर्च आवरायची वेळ आली, तर आधी तुमच्या नावाची विम्याची रक्कम कमी करा, त्यांची नको. पॉलिसी आत्ताच वेगळ्या करून ठेवल्या असतील तरच ते सोपं जाईल.